बारा दिवसांचा हिशेब: डी मॉइनमार्गे शिकागो

17 एप्रिल 2015 च्या दुपारी शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानावर, तिसऱ्या बेसजवळ, क्रिस ब्रायंट नावाचा तेवीस वर्षांचा एक उंचपुरा मुलगा शिकागो कब्ज संघाकडून पहिल्यांदाच उभा राहिला. त्या दिवशी तो चार वेळा बॅटिंगला आला, तीनदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला आणि हिट एकही लागला नाही. तरी घरच्या मैदानात त्याचं जंगी स्वागत झालं. पुढची जवळपास पाच वर्षं भांडण चाललं ते मात्र आदल्या दिवसावरून. तो 16 एप्रिलला संघात आला असता, तर संघाच्या बंधनातून मोकळं व्हायची त्याची तारीख एक अख्खं वर्ष अलीकडे आली असती.

त्याचा मायनर लीगमधला, म्हणजे मोठ्या लीगखालच्या पायऱ्यांवरचा, प्रवास तसा छोटा. जून 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सॅन डिएगोच्या कॉलेजातून तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्या मोसमात कॉलेज बेसबॉलमध्ये त्याने 31 होमरन (थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारले होते. करारावर सही करताना 67 लाख डॉलर मिळाले. उरलेल्या उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनात दोन सामने, आयडाहोतल्या बॉइझीत अठरा, फ्लोरिडातल्या डेटोनात सोळा. 2014 ची सुरुवात टेनेसीतल्या डबल-ए (मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली) संघात झाली: 68 सामने, 22 होमरन. तिथून आयोवात, डी मॉइनच्या ट्रिपल-ए (एकच पायरी खाली) संघात 70 सामने, 21 होमरन. एका मोसमात 43. मायनर लीगमध्ये त्या वर्षी एवढे कुणीच मारले नव्हते. स्ट्राइकआउटही 162 झाले, पण ज्याच्या बॅटमध्ये एवढी ताकद आहे त्याला तेवढी सूट सगळेच देतात.

त्याच्या बॅटबद्दल कुणालाच शंका नव्हती, प्रश्न ग्लोव्हचा, म्हणजे बचावाचा होता. इन्फिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, पायऱ्या चढत वर जातो तसा बहुतेक वेळा मैदानात मधून कडेला सरकत जातो. शाळा-कॉलेजात प्रत्येक चपळ मुलगा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला, असतो. वर गेल्यावर कुणाची धाव कमी पडते, कुणाचा हात कमी पडतो, आणि मग तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या बेसवर जातो. तिसऱ्या बेसवर विचार करायला वेळच नसतो. तिथून पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो 127 फुटांचा. सगळ्यांत अवघड चेंडू तो, जो बॅटच्या कडेला लागून गवतावर रेंगाळत येतो. धावत पुढे यायचं, खाली वाकून एका हाताने उचलायचा आणि शरीर सावरायच्या आत, हात कमरेशी असतानाच फेकायचा. साडेसहा फुटांच्या आसपास उंची असलेल्या माणसाला ते वाकणं सोपं नसतं. त्यामुळे ‘बचाव अजून कच्चा आहे’ असं संघाने म्हटलं तेव्हा ते अगदीच हवेतलं नव्हतं, हेही नोंदवायला हवं.

ही सगळी व्यवस्था कुठून आली ते बघायला फार मागे जायची गरज नाही. 1920 च्या दशकात सेंट लुईसच्या एका व्यवस्थापकाने छोट्या गावांतले संघ विकत घेऊन तिथे आपले खेळाडू पिकवायला सुरुवात केली. बाकीच्यांनी तेच उचललं, आणि 1949 पर्यंत जवळपास साठ मायनर लीग झाल्या. मग घराघरांत टीव्ही आला आणि गावोगावची मैदानं ओस पडली. ड्राफ्ट 1965 मध्ये सुरू झाला. डिसेंबर 1975 मधल्या लवादाच्या निकालापर्यंत खेळाडू जन्मभर एकाच मालकाचा असे. त्या निकालानंतर झालेल्या समझोत्यात सहा वर्षांचा आकडा आला: मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं सेवा भरली, की हवं तिथे जायला खेळाडू मोकळा.

‘सेवा’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. मूळ संज्ञा आहे ‘सर्व्हिस टाइम’, आणि तिचा अर्थ सरकारी नोकरीतल्या सेवाकाळासारखाच आहे. इथे 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात. मोसम त्याहून थोडा लांब असतो. 2015 चा मोसम 5 एप्रिल ते 4 ऑक्टोबर, म्हणजे 183 दिवसांचा होता. त्यातून 5 ते 16 एप्रिलचे बारा दिवस वजा केले की 171 उरतात. एक दिवस कमी! आपल्याकडे बदली कामगाराचे 240 दिवस भरू नयेत म्हणून मध्येच ‘ब्रेक’ दिला जातो. तो प्रकार ज्यांनी जवळून पाहिलाय, त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

आता त्या वर्षीचा मार्च बघा. सरावाच्या शिबिरात या मुलाने 14 सामन्यांत नऊ होमरन मारले, बॅटिंगची सरासरी .425 (दहातल्या चारांहून जास्त वेळा हिट). तरीही सोमवारी, 30 मार्चला, संघाने त्याला मायनर लीगच्या शिबिरात धाडलं. इथे एका शब्दाचा मोठा घोळ आहे. त्या दिवसाबद्दल लिहिताना सर्रास ‘त्याला ऑप्शन केलं’ असं म्हटलं जातं, आणि ते चूक आहे. ऑप्शन फक्त मोठ्या संघाच्या चाळीस जणांच्या यादीत असलेल्या खेळाडूलाच लागू होतो. अशा खेळाडूला संघ ठरावीक वर्षंच, साधारणपणे तीन, खाली-वर करू शकतो. त्यानंतर त्याला खाली पाठवायचं, तर आधी इतर संघांना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. म्हणजे ऑप्शन कितीही जाचक वाटला, तरी त्याला मोजमाप आहे, तो संपतो. हा मुलगा त्या यादीत नव्हताच, शिबिराला पाहुणा म्हणून बोलावलेला होता. त्याच दिवशी दुसऱ्या बेसवरच्या एका तरुणाला खाली पाठवलं, ते ऑप्शन होतं. याची मात्र नुसती ‘पुनर्नियुक्ती’ होती. बातमीत दोघं एकाच वाक्यात आले म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. यादीत असलेल्याला खाली पाठवायची मुभा मोजून मिळते, यादीबाहेरच्याला वर आणायची त्या मोसमात कसलीच सक्ती नव्हती. आणि ज्याला कुठलाच नियम अडवत नाही, त्या निर्णयामागचा हेतू सिद्ध करणं फार कठीण असतं. पुढचा सगळा खटला तिथेच अडला.

संघाने दिलेलं कारण साधं होतं: त्याला बचावात लय सापडायला हवी. खेळाडूंच्या संघटनेने त्याच दिवशी हा बेसबॉलसाठी वाईट दिवस असल्याचं म्हटलं. डी मॉइनला तो सात सामने खेळला आणि तीन होमरन मारले. एवढ्यात शिकागोचे दोन इन्फिल्डर जखमी झाले आणि त्याला बोलावणं आलं. दुखापती खऱ्याच होत्या. पण सात सामन्यांत तिसऱ्या बेसवरचा बचाव किती सुधारतो? ज्याने रोज शंभर-शंभर ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) झेलण्याचा सराव कधी पाहिलाय, त्याला हे उत्तर ठाऊक आहे. लय लागायला बरोबर बाराच दिवस पुरले, हे मला आजही पटत नाही.

त्याच्या वतीने संघटनेची तक्रार 2015 मध्येच दाखल झाली, सुनावणी 2019 च्या शरद ऋतूत झाली आणि निकाल जानेवारी 2020 च्या अखेरीस बाहेर आला. निकाल संघाच्या बाजूने लागला. मधल्या काळात तो 2015 चा सर्वोत्तम नवोदित ठरला, 2016 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलंडला वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना दहाव्या डावात गेला, पाऊस पडून गेलेला होता, आणि 8-7 अशा स्थितीत शेवटचा चेंडू रेंगाळत तिसऱ्या बेसच्या बाजूला आला. तोच, सगळ्यांत अवघड चेंडू. तो पुढे धावला, उचलला, फेकताना ओल्या गवतावर पाय घसरला, तरी थ्रो सरळ पहिल्या बेसवर गेला. चित्रीकरणात दिसतं, चेंडू हातात येण्याआधीच त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलंय. शिकागोची 108 वर्षांची प्रतीक्षा त्या थ्रोने संपली.

पैशाच्या हिशेबात तो सरळ सरळ नाडला गेला असंही म्हणता येत नाही. 171 दिवसांमुळे मोकळं व्हायला उशीर झाला, पण त्याच आकड्यामुळे तो पगाराच्या लवादासाठी (पगार तिऱ्हाइताकडून ठरवून घ्यायची सोय) एक वर्ष आधी पात्र ठरला. इतरांना असे तीन हंगाम मिळतात, त्याला चार मिळाले. 2018 मध्ये 1 कोटी 8.5 लाख डॉलर, 2021 मध्ये 1 कोटी 95 लाख. 2020 च्या मोसमानंतर तो मोकळा झाला असता, तर बाजार करोनाने थंडावलेला होता आणि त्याची स्वतःची बॅटही त्या वर्षी गप्प होती. अखेर 2022 मध्ये कोलोराडोने सात वर्षांसाठी 18 कोटी 20 लाखांचा करार दिला. तरीही कुठे खेळायचं हे ठरवायचा हक्क एक वर्ष लांबला, ही गोष्ट डॉलरमध्ये भरून निघत नाही.

त्यानंतर मात्र बदल भराभर झाले. 2020 मध्ये मायनर लीगचा मोसमच रद्द झाला. 2021 मध्ये मोठ्या संघांशी संलग्न मायनर संघ 160 वरून 120 वर आणले, ड्राफ्ट चाळीस फेऱ्यांवरून वीसवर. 2022 पासून राहण्याची सोय संघांनी करायची असं ठरलं. तोवर चार-पाच पोरं एका खोलीत जमिनीवर गाद्या टाकून झोपत. त्याच वर्षी मायनरमधले खेळाडू संघटित झाले. 2023 च्या करारात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार 17,500 वरून 35,800 डॉलर झाला, तर तळातल्या प्रशिक्षण संकुलांतला 4,800 वरून 19,800. त्याच 2023 मध्ये मोठ्या लीगने दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इन्फिल्डर राहतील, तेही मातीच्या बाहेरच्या कडेच्या आत, असा नियम केला. त्यातला कडेच्या आत उभं राहण्याचा भाग 2021 मध्ये डबल-एत आजमावून झाला होता.

सेवाकाळाचा नियमही 2022 मध्ये सुधारला. सर्वोत्तम नवोदित निवडायच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला आता दिवस कमी पडले तरी पूर्ण वर्ष मिळतं. नावाजलेल्या नवोदिताला सुरुवातीपासून संघात ठेवणाऱ्यांना, तो पुढे चमकला तर, ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. कॅन्सस सिटीचा एक शॉर्टस्टॉप, 2019 मध्ये तोही दुसऱ्या क्रमांकाचा ड्राफ्ट, 2021 मध्ये डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून 33 होमरन मारून आला आणि 7 एप्रिल 2022 ला मोसमाच्या पहिल्याच दिवशी तिसऱ्या बेसवर उभा राहिला. त्याच्या बारा दिवसांचा हिशेब कुणालाच करावा लागला नाही.

शिकागोच्या त्या मुलाने चढलेल्या पायऱ्या आता शोधायला गेलं तर बॉइझीचा संघ संलग्न साखळीतून बाहेर पडून स्वतंत्र लीगमध्ये खेळतो. डेटोनाचा संघ दुसऱ्या मोठ्या संघाशी जोडला गेलाय आणि एक पायरी खाली आलाय. टेनेसीचा 2025 मध्ये नॉक्सव्हिल शहरात नव्या मैदानावर गेला. डी मॉइनचं मैदान तेवढं तिथेच आहे, दोन नद्यांच्या संगमावर. होम प्लेटजवळून बघितलं, तर मधल्या भिंतीपलीकडे राज्याच्या विधिमंडळाचा सोनेरी घुमट दिसतो.