सापडणारच, याची हमी

घरात चष्मा सापडत नसला की माणूस वैतागतो. उशा उचलतो, खण उपसतो, घरच्यांवर ओरडतो. हाच माणूस रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवरच्या एका पडक्या हवेलीत चष्मा शोधत बसतो, तासभर बसतो, आणि सापडला की खूश होतो. शोधायची वस्तू तीच, शोधणारे डोळेही तेच. तरी एक शोध कटकट ठरतो आणि दुसऱ्यासाठी आपण हौसेनं वेळ काढतो, कधी पैसेही मोजतो.

या खेळांना ‘हिडन ऑब्जेक्ट गेम’ म्हणतात. ते खेळणारी मंडळी बघायची असतील तर दुपारच्या कल्याण लोकलचा लेडीज डबा गाठावा. गर्दी कमी, खिडकी मिळालेली, आणि मोबाईलच्या पडद्यावर अडगळीनं भरलेली खोली. खाली दहा-बारा वस्तूंची यादी: किल्ली, मुखवटा, घुबड, कात्री. वस्तू दिसली की बोट टेकवायचं, यादीतलं नाव खोडलं जातं. कल्पना जुनीच. मुलांच्या मासिकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत ‘चित्रात लपलेले प्राणी शोधा’ आपण सगळ्यांनी पेन्सिल घेऊन सोडवलेलं आहे. संगणकावर तिची लाट आली ती २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीनं ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल’ आणल्यावर. पुढच्याच वर्षीच्या ‘रेव्हनहर्स्ट’मध्ये झपाटलेली हवेली आली, गोष्ट आली. मग कुलपं, यंत्रं, कोडी यांची भर पडत गेली आणि पझल अ‍ॅडव्हेंचरची अख्खी जमात उभी राहिली.

यात मजा कसली, हे कळायला आधी डोळ्याची मर्यादा बघावी लागते. समोरचं सगळं आपल्याला एकसारखं स्पष्ट दिसतंय, असं वाटतं खरं, पण तसं नसतं. हात पूर्ण लांब करून अंगठ्याकडे बघा. त्याच्या रुंदीएवढा, म्हणजे साधारण दोन अंशांचा तुकडाच डोळा एका वेळी बारकाव्यानिशी टिपतो. बाकीचं धूसर असतं, शिवाय एकमेकांत गुंतलेलं असतं. कडेच्या नजरेला एकटी पडलेली कात्री ओळखू येते. तीच कात्री चमचे, चिमटे आणि किल्ल्यांच्या ढिगात ठेवली की सगळ्यांच्या रेषा मिसळतात आणि काहीच कळत नाही. त्यामुळे डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत चित्रभर हिंडतो. पुढची उडी कुठे मारायची हे मेंदू त्या धूसर भागाच्या अंदाजावरून ठरवतो, आणि चित्रकाराचा सगळा डाव हा अंदाज चुकवण्याचा असतो.

अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये या शोधाची दोन रूपं दाखवून दिली. जुलैच्या संध्याकाळी चर्चगेटबाहेर शेकडो काळ्या छत्र्यांत एक पिवळी छत्री असेल, तर ती शोधावी लागत नाही. काळ्या छत्र्या पन्नास असोत की पाचशे, पिवळी तेवढ्याच वेळात डोळ्यात भरते. आता ऑफिसच्या दाराशी पाणी गाळत पडलेल्या काळ्या छत्र्यांमधून आपली काळी, लाकडी मुठीची, एक काडी वाकलेली छत्री काढून बघा. इथे रंग, मूठ आणि काडी या तिन्ही खुणा एकाच वस्तूत जुळाव्या लागतात. त्यासाठी लक्ष एकेका छत्रीवर न्यावं लागतं, आणि छत्र्या वाढल्या की वेळही वाढत जातो. पुढे नजरेच्या शोधाचे अभ्यासक जेरेमी वुल्फ यांनी या चित्रात दुरुस्ती केली: हा दुसरा शोधही अगदी आंधळा नसतो, ढोबळ खुणा लक्षाला वाट दाखवत राहतात. चांगला खेळ या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात राहतो. लाल सफरचंद हिरव्या गवतावर ठेवलं तर खेळाडू जांभई देतो, करडी सुई करड्या राखेत टाकली तर खेळ बंद करतो. म्हणून सफरचंद लाल पडद्याच्या चुणीत बसवायचं, अर्धं झाकायचं, थोडं तिरकं करायचं.

दगडात हाच अनुभव घ्यायचा असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीसमोर दहा मिनिटं उभं राहावं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूवरचं कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलं. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ सगळ्यांना दिसतात. पण भिंतीवरची पानं, पक्षी, प्राणी आजूबाजूच्या दगडाच्याच रंगाचे. रंगाची खूण बाद झाल्यावर उरतात आकार आणि सावली, म्हणजे ट्रीझमनबाईंचा दुसरा, सावकाश शोध. रोज लाखो लोक तिथून जातात आणि फारसं कुणाला काही दिसत नाही, यात आश्चर्य नाही. आठ अठ्ठावीसची लोकल पकडणाऱ्याच्या यादीत ते प्राणी नसतातच.

यादीत नसलेलं दिसत नाही, हे गमतीनं म्हटलेलं नाही. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा वो आणि वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि त्यातल्या गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलेलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. वीस जणांना ते दिसलं नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्या गोरिलावर पडली होती, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रानं दाखवलं. खेळ बनवणारे याचा फायदा बिनदिक्कत उठवतात. तीच खोली दुसऱ्यांदा समोर येते, यादी मात्र नवी असते, आणि मघाशी ज्या घुबडावरून बोट दहा वेळा फिरलं ते आता पहिल्यांदा दिसतं. नवं चित्र काढायचा खर्च वाचतो, ही कंपनीची सोय; खेळणाऱ्याला मात्र जुनीच खोली नव्यानं पाहिल्यासारखी वाटते.

मेंदूची आणखी एक सवय इथे मोडली जाते. स्वयंपाकघरात कढई शोधताना आपण पंख्याकडे बघत नाही. कोणती वस्तू कुठे असते, केवढी असते, याचे नियम आपल्या डोक्यात पक्के असतात आणि नजर त्यांच्या आधारानं धावते. मिगेल एकस्टाइन यांच्या गटानं २०१७ मध्ये न्हाणीघराच्या चित्रात भलामोठा टूथब्रश ठेवला. लोकांच्या नजरेतून तो नेहमीच्या आकाराच्या ब्रशपेक्षा जास्त वेळा सुटला. इतका मोठा ब्रश असूच शकत नाही, म्हणून मेंदूनं त्याची दखल घेतली नाही. चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवलेल्या संगणकातल्या न्यूरल नेटवर्कला मात्र असा घोळ झाला नाही. हिडन ऑब्जेक्टच्या खोलीत व्हायोलिन चुलीवर असतं, छत्री छताला चिकटलेली असते, होडी चहाच्या कपाएवढी असते. रोजचे आडाखे निकामी होतात आणि निव्वळ आकारावर नजर लावावी लागते. खेळाचं चित्र खरं वाटत नाही अशी तक्रार काही जण करतात. खरं वाटलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं.

आता सापडण्याच्या क्षणाकडे येऊ. त्या क्षणी पडद्यावर काहीच बदललेलं नसतं. रेषा त्याच, रंग तेच, आणि तरी अर्ध्या सेकंदापूर्वी जिथे वेलींचा गुंता होता तिथे आता साप असतो. शिवाय तो पुन्हा गुंता होत नाही. एकदा दिसला की दिसला. जर्मनीत बाम्बर्ग इथे क्लाउडिया मूथ आणि क्लाउस-ख्रिस्टियान कार्बन यांनी अशाच काळ्या-पांढऱ्या डागांच्या चित्रांवर प्रयोग केला. डागांतून चेहरा उमगला की लोकांना ते चित्र आधीपेक्षा जास्त आवडू लागे. चित्र सुंदर झालं नव्हतं, उमगलं होतं एवढंच. म्हणजे बघण्यातल्या कोड्याची उकल हाच आनंदाचा एक स्रोत आहे. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी चित्रकलेच्या आस्वादाबद्दल जे मांडलं तेही याच धर्तीचं: अर्धवट झाकलेलं आपल्याला उघड्यापेक्षा जास्त खेचतं, कारण शोध घेण्याचं काम खुद्द दृष्टीला गोड लागतं.

शब्दकोड्यांत हा ‘अरे हो!’चा क्षण मोजलाही गेला आहे. मार्क बीमन, जॉन कुनिऑस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लोकांना तीन शब्द देऊन तिन्हींशी जुळणारा चौथा शोधायला लावला. मराठीत असं कोडं करायचं तर: वडा, भाजी, मिसळ. (उत्तर पाव. मुंबईकराला हे कोडं म्हणून देणं हा त्याचा अपमान आहे, याची कल्पना आहे.) उत्तर हळूहळू जुळवत न येता एकदम सुचलं, असं ज्या वेळी लोकांनी सांगितलं त्या वेळी ते सांगण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर, उच्च वारंवारतेच्या मेंदूलहरींचा झटका नोंदला गेला. चित्रातला साप दिसताना नेमकं हेच घडतं, असं त्यावरून म्हणता येणार नाही, पण दोन्ही अनुभवांची चव एकच आहे, हे खेळणारा कुणीही सांगेल.

इथे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं नाव काढावंच लागेल. हल्ली जिलेबीपासून रीलपर्यंत सगळ्याच्या मागे डोपामिन लावायची पद्धत पडली आहे, जणू तो सुखाचा रस आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी वेगळंच दाखवलं होतं. फळांचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. रस कधी मिळणार हे खुणेवरून कळू लागलं की त्या खुणेलाच उसळत, प्रत्यक्ष रसाला नाही. आणि ठरलेला रस मिळाला नाही तर त्यांची हालचाल मंदावे. अपेक्षा आणि मिळकत यांतल्या फरकाचा हा हिशेब आहे. हिडन ऑब्जेक्टमध्ये सापडणार हे पक्कं, पण आत्ता की दीड मिनिटानं, हे अनिश्चित. एकाच यादीत असे दहा-बारा हिशेब होतात.

सापडणार हे पक्कं. माझ्या मते या खेळांचं सगळं मर्म इथे आहे. घरातला चष्मा घरात असेलच असं नाही. तो रिक्षात राहिला असेल, ऑफिसच्या टेबलावर असेल. किती वेळ शोधावं आणि कधी नाद सोडावा, हे ठरवण्यातच अर्धी शक्ती जाते. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना सामानाच्या कृत्रिम एक्स-रे चित्रांत अवजारं शोधायला लावली. निम्म्या चित्रांत अवजार होतं तेव्हा ७ टक्के अवजारं नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात होतं तेव्हा ३० टक्के सुटली. क्वचित सापडणाऱ्या गोष्टीसाठी माणूस लवकर हात टेकतो, आणि समोर आली तरी ‘नसेल’कडे झुकतो. खेळात यादीतली प्रत्येक वस्तू शंभर टक्के चित्रात असते, एवढंच नव्हे तर किती उरल्या हेही लिहिलेलं असतं. एक गाठ सापडली की दुसरीकडे दुर्लक्ष होतं, ही डॉक्टरांची जुनी अडचण. यादी ती अडचण परस्पर सोडवते. हमी असल्यामुळे न सापडणं हा दोष आपल्या नजरेचा, आणि तो सुधारता येण्याजोगा. म्हणूनच शेवटची वस्तू राहिली की लोक फोन वाकडातिकडा करतात, शेजारणीला विचारतात, पण हिंटचं बटण दाबत नाहीत. नुसतं सगळीकडे बोट आपटून शोधणाऱ्याला बरेच खेळ काही सेकंद शिक्षा करतात, तेही बरोबरच आहे. तसा सापडलेला साप दिसलेला नसतो.

कोड्यांचा भाग वेगळ्या दोरीनं ओढतो. दारावर चंद्रकोरीच्या आकाराची खाच दिसते आणि चंद्रकोर कुठेच नसते; ती तीन खोल्यांनंतर एका पेटीत मिळते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या बर्लिनमधल्या दोन विद्यार्थिनींचं काम इथे आठवतं. अपुरं काम जास्त लक्षात राहतं, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं, पण नंतरच्या प्रयोगांत ते नेहमी टिकलं नाही. अर्धवट तोडलेलं काम संधी मिळताच माणूस पुन्हा हाती घेतो, हे मारिया ओव्हसियांकिना यांचं निरीक्षण त्यापेक्षा भक्कम ठरलं. ती खाच म्हणजे मुद्दाम तोडून ठेवलेलं काम. चांगल्या कोड्यात उत्तर कळल्यावर ‘समोरच तर होतं’ असं वाटतं. वाईट कोड्यात मासा घड्याळात घातला की जिना उघडतो, कारण लेखकाला तसं वाटलं. असल्या खेळात हिंट वापरायला मुळीच लाजू नये.

मोबाईलवरचे बरेच फुकट खेळ याच ओढीचा धंदा करतात: ऐन रंगात आल्यावर ‘एनर्जी’ संपते, पुढचा प्रसंग पैसे भरा नाहीतर थांबा. हे खेळून घरातला चष्मा लवकर सापडू लागतो का? सरावानं माणूस त्याच प्रकारच्या चित्रांत तरबेज होतो, ती तयारी स्वयंपाकघरापर्यंत आपोआप पोचत नाही.

अशा खेळांचा उपयोग दुसरीकडेच झाला. ‘एअरपोर्ट स्कॅनर’ नावाच्या मोबाईल खेळात खेळाडू बॅगांच्या एक्स-रे चित्रांतून बंदी असलेल्या वस्तू शोधत. स्टीफन मिट्रॉफ आणि अ‍ॅडम बिग्स यांनी त्यातल्या प्रचंड नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. शंभरात एकापेक्षा जास्त वेळा येणाऱ्या वस्तू ९२ टक्के वेळा पकडल्या गेल्या, ०.१५ टक्क्यांहूनही कमी वेळा येणाऱ्या फक्त २७ टक्के वेळा. प्रयोगशाळेत एवढ्या दुर्मीळ वस्तू तपासायला लागणारी लाखो चित्रं कुणी बघितली नसती, इथे लोकांनी ती हौसेनं बघितली. खऱ्या तपासणीत हत्यार त्याहूनही विरळा. त्यामुळे अनेक विमानतळांवर स्कॅनरचं सॉफ्टवेअर प्रवाशांच्या खऱ्या बॅगांच्या चित्रांत अधूनमधून खोटी सुरी किंवा खोटा बॉम्ब मिसळतं. तपासनिसानं बटण दाबलं की यंत्र कळवतं, चित्र खोटं होतं, बॅग पुढे जाऊ द्या. पकडलं की नाही याची नोंद राहते, आणि ‘सापडू शकतं’ ही अपेक्षा पाळीभर जिवंत राहते.