पॅनसेक्शुअल कल

समोरची व्यक्ती स्त्री आहे, पुरुष आहे, ट्रान्सजेंडर आहे की नॉन-बायनरी (स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणारी), यावर ज्यांचे प्रेम किंवा लैंगिक आकर्षण ठरत नाही, त्यांचा लैंगिक कल पॅनसेक्शुअल मानला जातो. मराठीत 'सर्वलैंगिक' असेही लिहितात; बोलण्यात 'पॅन' पुरते. ओढ कोणाबद्दल वाटू शकते, एवढेच या कलावरून कळते. जोडीदार किती आहेत, नात्यात निष्ठा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. स्त्रियांकडे आकृष्ट होणारा पुरुष भेटेल त्या प्रत्येक स्त्रीच्या प्रेमात पडत नाही. पॅन व्यक्तीही दिसेल त्याच्या प्रेमात पडत नाही, आणि तरी 'यांना कोणीही चालते' हे वाक्य तिला आयुष्यभर ऐकावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी 'पॅनसेक्शुअलिझम' हा मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्यावरचा आरोप होता: माणसाच्या सगळ्याच वागण्याचे मूळ ते कामप्रेरणेत शोधतात, असा. फ्रॉइड यांनी १९२० मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो खोडून काढला. आजच्या अर्थाशी त्या वादाचा संबंध नाही.

लैंगिकतेचे अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या लैंगिक कलाच्या मोजपट्टीवर ० म्हणजे पूर्ण भिन्नलिंगी आणि ६ म्हणजे पूर्ण समलिंगी. माणसे दोनच कप्प्यांत बसत नाहीत, हे तिने दाखवून दिले, आणि ते काम मोठे होते. पण आकर्षणात लिंगभावाला (व्यक्ती स्त्री, पुरुष की आणखी काही, या ओळखीला) मुळात महत्त्व किती, हे ती विचारतच नाही. पॅन कल समजून घ्यायचा तर नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो.

बायसेक्शुअल, म्हणजे एकाहून अधिक लिंगभावांकडे ओढ असलेल्या ('बाय') कलाशी पॅन कलाचे नाते नाजूक आहे. 'बाय म्हणजे फक्त स्त्री आणि पुरुष, पॅन म्हणजे सगळे' ही सोपी विभागणी अन्यायकारक आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बायसेक्शुअल कार्यकर्त्यांनी १९९० च्या जाहीरनाम्यातच, लिंगभाव दोनच आहेत असे आम्ही मानत नाही, असे स्पष्ट केले होते. फरक असलाच तर तो अनुभवाचा. बाय म्हणवणाऱ्या अनेकांना वेगवेगळ्या लिंगभावांच्या व्यक्तींबद्दल वाटणारी ओढ वेगळ्या जातीची वाटते. पॅन म्हणवणारे बहुधा सांगतात की लिंगभाव हिशेबातच येत नाही. काहीजण दोन्ही नावे वापरतात. ट्रान्स व्यक्तींवर प्रेम करायला पॅनच असावे लागते, हा समज तर ट्रान्स व्यक्तींनाच दुखावतो: ट्रान्स स्त्री (जन्मावेळी पुरुष म्हणून नोंदली गेलेली स्त्री) ही स्त्रीच आहे, आणि भिन्नलिंगी पुरुषालाही तिची ओढ वाटू शकते.

गुलाबी, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांचा झेंडा २०१० च्या सुमारास इंटरनेटवर आला. २०१५ पासून २४ मे हा पॅनसेक्शुअल दृश्यता दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटनच्या खासदार लैला मोरान यांनी जानेवारी २०२० मध्ये आपण पॅनसेक्शुअल असल्याचे जाहीर केले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळख आणि लैंगिक कल या वेगळ्या गोष्टी असल्याचे मांडले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले गेले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. भिन्नलिंगी नात्यातील ट्रान्स व्यक्तींना विवाहाचा हक्क असल्याचे त्याच निकालाने सांगितले. परिणामी पॅन व्यक्तीच्या लेखी जी बाब गौण, जोडीदाराचे लिंग, तीवरच तिचे लग्न कायदेशीर होणार की नाही हे ठरते. पुरुषाशी लग्न केलेल्या पॅन स्त्रीला नातेवाईक 'सुधारली' म्हणतात, हेही तितकेच क्लेशदायक आहे. लग्नाने तिचा कल बदललेला नसतो.

तो औषधाने किंवा समुपदेशनानेही बदलत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. महाराष्ट्रात एखाद्या नोंदणीकृत डॉक्टरने असा उपचार केल्यास महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते.