लोकरीचा पीळ, कणकेचा ताण

सुयांवरून नुकतीच उतरवलेली जाळीच्या विणीची शाल फारशी देखणी नसते. कडा मुडपलेल्या असतात, जाळीतली पानं एकमेकांत रुतलेली असतात आणि सगळं अंग आकसून गोळा झालेलं असतं. गेल्या महिन्यात अशीच एक शाल मी पाण्याच्या टबात बुडवली, तेव्हा शेजारी उभी असलेली मावशी दचकली. "अगं, लोकर पाण्यात? आटेल ना ती!" ओट्यावर पावासाठी मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली मुरत पडली होती. त्या एका वाक्यावरून आमच्या गप्पा सुरू झाल्या आणि टबातून निघून ओट्यापर्यंत पोहोचल्या. मावशीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

गरम पाण्यानं लोकर आटते, असं बहुतेक सगळे मानतात. पण घरी लोकर रंगवणाऱ्यांना विचारा. रंगाच्या पाण्यात लडी उकळीच्या जवळपास पाऊण-एक तास ठेवावी लागते आणि तरी ती आटत नाही. अट एकच, ती ढवळायची नाही आणि पाणी त्याच भांड्यात सावकाश निवू द्यायचं. म्हणजे एकट्या उष्णतेवर दोष टाकता येत नाही. लोकर आटते ती घुसळल्यानं.

तलम लोकरीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आपला केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो, पण घडण तीच. दोन्हींच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात आणि त्यांच्या कडा टोकाच्या दिशेला असतात. डोक्यावरचा एक लांब केस घ्या, तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेनं मागंपुढं चोळा. केस हळूहळू एकाच बाजूला सरकत जातो, नेहमी मुळाच्या बाजूला. उलटा येत नाही, कारण खवले अडतात. लोकरीचं कापड ओलं करून घुसळलं की त्यातला प्रत्येक तंतू असाच एकेक पाऊल पुढं सरकतो, शेजाऱ्यांत गुरफटतो आणि परतीची वाट बंद असल्यामुळं तिथेच अडकतो. तंतूची लांबी कमी होतच नाही, कापडाची होते. गरम पाण्यानं तंतू फुगतो आणि मऊ होतो, साबणानं तो घसरू लागतो, म्हणून ती जोडी या कामाला वेग देते. नमदा, म्हणजे लोकर दाबून-घुसळून केलेलं जाड कापड, मुद्दाम असाच बनवतात. 'मशीनमध्ये धुता येईल' असं लिहिलेल्या लोकरीचे खवले रासायनिक प्रक्रियेनं बोथट केलेले असतात किंवा त्यांच्यावर राळेसारखा पातळ थर दिलेला असतो, इतकंच.

माझी शाल टबात नुसती पडून होती. अर्ध्या तासानं मी ती टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं, गादीवर ताणून कडेनं पिना टोचल्या आणि दुसऱ्या दिवशी पिना काढल्या. शाल तशीच ताठ राहिली, जाळीतलं प्रत्येक पान उघडलेलं. विणणारे याला ब्लॉकिंग म्हणतात. आधी कोरडी शाल कितीही ओढली असती तरी ती पुन्हा गोळा झाली असती. मग पाण्यानं असं काय केलं?

लोकर केराटिन नावाच्या प्रथिनाची असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. या साखळ्या एकमेकींना आणि स्वतःलाही असंख्य हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एकेक बंध अगदी दुबळा असतो, पण मिळून ते तंतूला ताठ ठेवतात. पाण्याचा रेणू हेच बंध जोडण्यात तरबेज. तो तंतूत शिरतो, दोन साखळ्यांच्या मध्ये बसतो आणि त्यांची एकमेकींवरची पकड सोडवतो. लोकर दमट हवेतून स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी सहज शोषते. पूर्ण कोरडी लोकर काचेसारख्या अवस्थेत असते. तिच्यातल्या साखळ्या हलत्या व्हायला सुमारे १७० अंश सेल्सियस तापमान लागतं. पाण्यानं तृप्त झालेल्या लोकरीत हेच तापमान खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतं. म्हणजे टबातली लोकर रेणूंच्या पातळीवर 'वितळलेली' असते. पिना लावून वाळवली की पाणी निघून जातं, साखळ्या जिथे आहेत तिथेच नवे बंध बांधतात आणि तंतू त्या आकारात गोठतो. ओले केस वेणी घालून वाळवले की लाटा पडतात, त्या याच कारणानं, आणि दमट हवेत त्या मोडतात त्याही याच कारणानं. होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञानं तर १७८३ मध्ये हवेतला दमटपणा मोजायचं यंत्रच माणसाच्या केसावर उभं केलं होतं. कोरड्या हवेतून दमट हवेत गेल्यावर केस दोन-अडीच टक्के लांबतो, तेवढ्यावर काटा हलतो.

आता मला जो भाग सर्वांत आवडतो तो. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स इथे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम अ‍ॅस्टबरी लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरण टाकून त्यांची छायाचित्रं घेत होते. ओला तंतू ताणला की छायाचित्र बदलायचं आणि सोडला की पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं. याचा अर्थ आत काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते नेमकं कसं, हे कोडं सुटलं घडीकामानं. १९४८ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग ऑक्सफर्डमध्ये सर्दीनं अंथरुणाला खिळले होते. त्यांनी कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि अमिनो आम्लांच्या जागी घड्या घालत कागद गुंडाळत नेला. एका खास वळणावर प्रत्येक आम्ल पुढच्या चौथ्या आम्लाशी हायड्रोजन बंधानं जुळलं. ही अल्फा सर्पिल रचना १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं असतात आणि वेढ्याची उंची ०.५४ नॅनोमीटर असते. पण पॉलिंग मधल्या काळात थांबून राहिले, कारण लोकरीच्या छायाचित्रात ही उंची ०.५१ दिसत होती. एवढासा फरक, पण तो सुटेना.

उत्तर सूतकताईतलं निघालं. चरख्यावर किंवा चातीवर कातणाऱ्याला ठाऊक असतं की एकेरी सुताला एका बाजूनं पीळ देतात आणि दोन सुतं एकत्र करून दुपदरी करताना उलट्या बाजूनं. केराटिनही तसंच दुपदरी आहे. दोन उजव्या पिळाची सर्पिलं एकमेकींभोवती डावा पीळ घालून राहतात. पीळ दिला की प्रत्येक सर्पिल किंचित तिरकं होतं आणि त्याच्या वेढ्याची उभी उंची तेवढी कमी दिसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं, पॉलिंगही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले.

पीळ उलटाच का? इथे थोडं गणित करू. एका वेढ्यात ३.६ आम्लं, म्हणजे एका आम्लामागं १०० अंशांचं वळण. केराटिनच्या साखळीत सात-सात आम्लांचा नमुना पुन्हा पुन्हा येतो आणि त्या सातांतल्या ठरावीक दोन जागांवर पाण्यापासून पळणारी, तेलकट वृत्तीची आम्लं असतात. सात आम्लं म्हणजे ७०० अंश. पण पूर्ण दोन वेढे म्हणजे ७२० अंश. प्रत्येक नमुन्यामागं २० अंश कमी पडतात. त्यामुळं सर्पिलाच्या अंगावरचा तेलकट पट्टा सरळ उभा न जाता हळूहळू डावीकडं वळत जातो. शेजारच्या सर्पिलाचा पट्टाही तसाच. दोन पट्ट्यांना पाण्यापासून लपण्यासाठी पूर्ण लांबीभर एकमेकांना चिकटून राहायचं, तर दोन्ही सर्पिलांना एकमेकींभोवती डावा वेढा घ्यावाच लागतो. सूत कातणारा उलटा पीळ देतो तो पहिल्या पिळाचा ताण साधावा म्हणून. रेणू उलटा पीळ घेतो तो या २० अंशांपायी. कारणं वेगळी, पण रचना तीच. मी दुपदरी सूत हातात घेते तेव्हा दर वेळी हे आठवतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. लोकरीचा हा आतला पीळ पाण्यानंही सुटत नाही, कारण हायड्रोजन बंधांच्या जोडीला आणखी एक पक्कं बंधन आहे, गंधकाचं. केराटिनमध्ये सिस्टीन नावाचं आम्ल भरपूर असतं. त्यातला गंधक शेजारच्या साखळीतल्या गंधकाशी हात मिळवतो. केस जळल्यावर जो वास येतो त्यात हा गंधक असतो. ओला तंतू तीस टक्के ताणून पाण्यातच सोडला तरी तो मूळ लांबीवर येतो, तो या गाठींमुळं. सलूनमध्ये केस कायमचे कुरळे करताना आधी याच गाठी रसायनानं सोडवतात आणि नव्या आकारात हायड्रोजन पेरॉक्साइडनं पुन्हा बांधतात.

आता ओट्यावरची कणीक. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती मिळून ग्लुटेन होतं. ग्लायाडिनमुळं कणीक सैल वाहती होते, ग्लुटेनिनमुळं ती ताणून सोडल्यावर मागं येते. ग्लुटेनिनच्या साखळ्यांना जोडणाऱ्या गाठीही गंधकाच्याच. इटलीतल्या बोलोन्याच्या जाकोपो बेकारी यांनी पाण्याखाली कणीक धुऊन ग्लुटेन वेगळं केलं आणि ते काम १७४५ मध्ये छापून आलं. घरी सहज करता येतं. कणकेचा गोळा पाण्यात चुबकत राहा, पांढरं स्टार्च धुऊन जाईल आणि हातात च्युइंगगमसारखा लवचीक गोळा उरेल.

मळताना साखळ्या ताणल्या जातात आणि गंधकाच्या जोड्या बदलतात. एका साखळीचा मोकळा गंधक दुसऱ्या जोडीत शिरतो, तिथला एक गंधक मोकळा होतो, तो पुढच्या जोडीकडं जातो. पिठात ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू असतो, तो या जोड्यांत मध्येच शिरून जाळं तोडतो. पाव बनवणारे पिठात चिमूटभर क जीवनसत्त्व घालतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळं त्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप ग्लुटाथायोनला निकामी करतं, म्हणून कणीक घट्ट धरते. नुकती मळलेली कणीक लाटली तर आखडते, पण अर्धा तास झाकून ठेवली की निमूट पसरते. त्या अर्ध्या तासात ताणलेल्या साखळ्या एकमेकींवरून घसरून मोकळ्या होतात. टबात शालीला आणि फडक्याखाली कणकेला मी अर्धा तासच दिला होता, आणि दोन्हीकडं काम पाण्यानं साखळ्या हलत्या करण्याचंच होतं.

'तिच्या हाताला गुण आहे' असं चांगला पाव करणारीबद्दल म्हणतात. मला हे पटत नाही. गुण पाण्याच्या प्रमाणाला आणि वेळेला असतो, आणि ती जे वर्षानुवर्षं बघत आली त्या नजरेला. भरपूर पाणी घालून रात्रभर ठेवलेली कणीक जवळजवळ न मळताही जाळं धरते. नवशिक्यानं पहिल्या फसलेल्या पावावरून आपल्या हाताला नावं ठेवू नयेत.

अंड्याची गोष्ट थोडक्यात. पांढऱ्यातली प्रथिनं घड्या घातलेल्या गुंड्यांसारखी असतात. उष्णतेनं घड्या उलगडतात आणि उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत अडकून जाळं होतं. पहिलं प्रथिन ६० अंशांच्या थोडं वर धरू लागतं, मुख्य प्रथिन ८० अंशांच्या आसपास. सोललेलं अंडं पाण्यात सोडून शिजवताना व्हिनेगर घालतात, कारण आम्लामुळं प्रथिनांवरचा विद्युतभार कमी होऊन ती लवकर जवळ येतात. लोकर रंगवतानाही व्हिनेगर घालतात. तिथे आम्लामुळं लोकरीवर धन भार येतो आणि रंगाचा ऋण भाराचा रेणू तिला चिकटतो. सुती धाग्याला हा रंग धरत नाही, कारण कापूस प्रथिन नाही. (रंगाचं भांडं मात्र स्वयंपाकात पुन्हा वापरू नका, कितीही घासलं तरी.) उलगडलेली प्रथिनं ओळीनं मांडली तर धागाही होतो. शेंगदाण्याच्या प्रथिनापासून असा धागा काढला गेला आणि अ‍ॅस्टबरी त्याचा ओव्हरकोट वापरत.

हे सगळं माहीत झाल्यावर 'केसांना केराटिनचं पोषण' देणाऱ्या बाटल्यांकडं मी संशयानंच बघते. केस डोक्याबाहेर आला की मृत धागा असतो, तो काही खात नाही. बाटलीतल्या प्रथिनाचे तुकडे बहुतेक वरवर थर धरतात, केस काही दिवस गुळगुळीत लागतो आणि काही धुण्यांत तो थर उतरतो. आतला दुपदरी पीळ आणि गंधकाच्या गाठी केस मुळाशी घडतानाच बांधल्या जातात.

मावशीनं जाताना विचारलं, तिचा एक जुना स्वेटर आहे, कोपरं विरलेली, लोकर मात्र चांगली, त्याचं काही होईल का? मशीनमध्ये घुसळून नमदा झालेला असता तर कात्रीशिवाय इलाज नव्हता. पण तो नेहमी हातानं धुतलेला. तो आम्ही उसवतो आहोत. उसवलेलं सूत टाक्यांचे आकडे धरून नागमोडी राहतं. त्याची लडी करून भिजवायची, दोरीवर टांगायची, खाली थोडं वजन लावायचं, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पहिली लडी आज सकाळी सरळ झाली. मावशीनं त्यावर टाके घातलेसुद्धा.