सांध्याची वाट पाहताना सापडलेला उपचार

ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडातच उगवणारा कॅन्सर. दहा लाख लोकांमागे वर्षाला तीनेक रुग्ण, आणि त्यातली बरीचशी वाढत्या वयातली मुलं. जागा बहुतेकदा गुडघ्याच्या जरा वर किंवा जरा खाली. मुलगा खेळताना कधीतरी पडलेला असतोच, त्यामुळे सूज माराची समजून चोळली जाते आणि आठवडे निघून जातात.

या रोगावर शंभर वर्षं एकच उत्तर होतं: पाय कापा. 1879 साली अमेरिकन सर्जन सॅम्युएल ग्रॉस यांनी लांब हाडांच्या सार्कोमाच्या, म्हणजे अशाच कॅन्सरच्या, 165 रुग्णांचा अभ्यास मांडून लवकर आणि गाठीच्या बऱ्याच वरून कापण्याचा आग्रह धरला. पण पाय गेला तरी मूल वाचेलच असं नव्हतं. दहातली आठेक मुलं वर्ष-दोन वर्षांत फुफ्फुसातल्या गाठींनी जात. शस्त्रक्रियेच्या दिवशी फुफ्फुसाचा एक्स-रे स्वच्छ असला, तरी न दिसणाऱ्या पेशी तिथे आधीच पोचलेल्या असत.

लंडनचे सर्जन स्टॅनफर्ड केड यांनी यावर 1950च्या दशकात जो मार्ग काढला तो आज वाचताना अंगावर येतो. गाठीला आधी रेडिएशन द्यायचं, मग चार-सहा महिने थांबायचं. तेवढ्यात फुफ्फुसात रोग दिसला नाही तरच पाय कापायचा. जे मूल जाणारच आहे, त्याचा पाय तरी कशाला घ्यायचा, हा हिशेब. मला तो क्रूर वाटत नाही. हाती दुसरं काही नसलेल्या डॉक्टरचा तो होता.

1970च्या दशकात मेथोट्रेक्सेट आणि डॉक्सोरुबिसिन ही कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, म्हणजे किमो, आली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात पाय कापण्याऐवजी रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवायला सुरुवात झाली होती. सांधा रुग्णाच्या मापानं घडवावा लागे आणि तो हाती यायला दोन-तीन महिने लागत. तोवर रुग्णाला नुसतं बसवून कसं ठेवायचं? म्हणून तिथले डॉक्टर जेरल्ड रोझेन यांनी औषधं आधीच सुरू केली. अडचणीतून निघालेली ही सोय पुढे पद्धतच झाली. तिचा आणखी एक फायदा झाला. काढलेलं हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की औषधानं किती गाठ मेली ते कळे. 90 टक्क्यांहून जास्त मेली असेल तर पुढचं चित्र बरं, हा निकष अजून चालतो.

तरीही किमोमुळेच मुलं वाचतात का, यावर वाद होता. तो मिटला 1986 साली. फक्त 36 रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी केलेली ती चाचणी होती. दोन वर्षांनंतर रोग न उलटलेले रुग्ण नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात 17 टक्के, किमोच्या गटात 66 टक्के. एवढी दरी असल्यावर मोठ्या आकड्यांची गरज उरत नाही.

पाय वाचवायचे मार्गही वाढले. सगळ्यात चमत्कारिक वाटतो तो व्हिएन्नाचा: गुडघा काढून खालचा पाय 180 अंशांत फिरवून मांडीला जोडायचा, म्हणजे घोटाच गुडघ्याचं काम करतो. पाऊल मागे वळलेलं दिसतं, पण कृत्रिम पाय लावून मूल पळू शकतं. आपल्याकडे प्रश्न पैशांचाही होता, कारण परदेशी सांधा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या सर्जननी त्यासाठी देशी सांधा घडवण्यात पुढाकार घेतला. काही रुग्णांत तिथे रोगट हाडच बाहेर काढून, एका बैठकीत 50 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) रेडिएशन देऊन, पुन्हा त्याच जागी बसवतात. हाड स्वतःचंच, त्यामुळे मापाचा प्रश्नच नाही.

त्यानंतर मात्र गाडी अडली. न पसरलेल्या रोगात साधारण 60 ते 70 टक्के रुग्ण वाचतात, आणि हा आकडा 1980च्या दशकापासून फारसा हललेला नाही. 17 देशांतल्या 2260 रुग्णांच्या युरामॉस चाचणीत शस्त्रक्रियेनंतर औषधं वाढवूनही निकाल सुधारला नाही.

सुधारता येण्यासारखी एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच असते: बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं. सुई किंवा छेद चुकीच्या जागी गेला तर त्या वाटेवर पेशी सांडतात आणि पुढे तेवढा सगळा भाग कापून काढावा लागतो. 1996च्या एका अमेरिकन पाहणीत 597 रुग्णांपैकी 18 जणांचे हात किंवा पाय केवळ बायोप्सी बिघडल्यामुळे विनाकारण गेले होते.