ग्लासगो परिणामश्रेणी

ग्लासगो परिणामश्रेणी : मेंदूला मार बसलेली व्यक्ती पुढे कितपत सावरली, हे ठरवण्याची पद्धत. ब्रायन जेनेट व मायकेल बाँड यांनी ती १९७५ मध्ये मांडली. ग्लासगो कोमा श्रेणी (१९७४) वेगळी. ती बेशुद्धीची खोली मोजते. परिणामश्रेणी बहुधा सहा महिन्यांनी लावतात. मूळ पायऱ्या पाच : मृत्यू, जाणीवशून्य जागृतावस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व व चांगली सुधारणा. शेवटच्या तिन्हींचे वरचा-खालचा असे भाग पाडून आठ पायऱ्यांची विस्तारित श्रेणी होते. तिचा उगम सामान्यतः १९८१ चा धरतात. पण प्रमाण म्हणून १९९८ ची ठरावीक प्रश्नावलीच घ्यावी. त्याआधी दोन परीक्षकांचे निष्कर्ष बरेचदा जुळत नसत.

प्रश्न रुग्णाबरोबर नातेवाइकालाही विचारतात, कारण स्वतःतला बदल रुग्णाला उमगतोच असे नाही. घरी आठ तास एकटे ठेवता येत नसेल, तर खालचे तीव्र अपंगत्व. तेवढे जमते पण बाजारहाट किंवा प्रवास मदतीशिवाय होत नाही, तर वरचे. सर्वांत वाईट उत्तरावर पायरी ठरते. इजेपूर्वीची स्थितीही नोंदवावी लागते. नाहीतर आधीपासूनचे परावलंबित्व इजेच्या खात्यावर जाते.

वाद आहे तो ‘अनुकूल परिणाम’ कुठून धरायचा याचा. रूढ रेघ मध्यम अपंगत्वापाशी. कवटीचा भाग काढून दाब उतरवण्याच्या शस्त्रक्रियेवरील रेस्क्यू-आयसीपी चाचणीने (२०१६) वरचे तीव्र अपंगत्वही अनुकूल धरले. तिथे सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांत ४२.८ टक्के व औषधोपचार गटात ३४.६ टक्के अनुकूल ठरले. रूढ रेघेने हेच आकडे २७.४ व २६.६ होतात. मृत्यू मात्र औषधोपचार गटात ४८.९ तर शस्त्रक्रिया गटात २६.९ टक्के होते आणि जाणीवशून्य जागृतावस्थेतले अनुक्रमे २.१ व ८.५ टक्के. दोन कप्पे करण्यापेक्षा सर्व पायऱ्यांची विभागणी तपासणे अधिक सयुक्तिक.

ही श्रेणी जीवनमान मोजत नाही. त्यासाठी ३७ प्रश्नांची क्वॉलिब्री ही प्रश्नावली (२०१०) रुग्णालाच त्याचे समाधान विचारते. युरोपीय संघाच्या सुमारे ३ कोटी युरोंच्या साहाय्यातून झालेल्या, मेंदूच्या इजेवरील सेंटर-टीबीआय अभ्यासात दोन्ही वापरल्या. दीर्घ पाठपुराव्याला पैसा मिळणे अवघड. अमेरिकेत संघराज्य निधीवरील, मेंदूच्या इजेसाठीची मॉडेल सिस्टिम्स योजना (१९८७ पासून) १, २, ५ व पुढे दर ५ वर्षांनी रुग्ण गाठते.