हॉप्सची घरगुती लागवड

हॉप ही भांगेच्या कुळातली बहुवर्षायू वेल. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस. मादी फुलोऱ्यांचे हिरवे, खवलेदार शंकू बिअरला कडवटपणा व सुगंध देतात. खवल्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. सगळी करामत तिचीच.

नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. बियांपासून रोपे केली तर निम्मी नर निघू शकतात आणि मूळ वाणाचे गुणही टिकत नाहीत. म्हणून मादी वेलीच्या जमिनीखालच्या खोडाचे डोळे असलेले तुकडे वसंताच्या सुरुवातीला लावतात. परिसरात नर वेल असली, तर शंकूंत बी धरते आणि बिअरवाल्यांना ते नको असते.

हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत वाळते व पुन्हा फुटते. ही थंडीतली विश्रांती तिला लागतेच. दिवसाच्या लांबीलाही ती फार संवेदनशील आहे, म्हणून व्यापारी लागवड साधारण 35 ते 55 अंश अक्षांशांच्या पट्ट्यात एकवटलेली दिसते. विषुववृत्ताकडे उन्हाळ्यातले दिवस आखूड पडतात, वेल अर्धवट वाढलेली असतानाच फुलते आणि पीक हाती थोडेच लागते. अशा ठिकाणी नुसत्या खतपाण्याने भागत नाही. संध्याकाळी कृत्रिम प्रकाश देऊन दिवस लांबवावा लागतो.

भरपूर ऊन, निचरा होणारी जमीन आणि 5–6 मीटर उंच आधार एवढे जमले की वेल झपाट्याने चढते. ऐन हंगामात एका दिवसात 30 सेंटिमीटरपर्यंतही. तिला ताणे नसतात. खोडावरच्या आकडेदार केसांनी ती आधार पकडते व घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे घेते. त्यामुळे गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोरीपेक्षा खरखरीत काथ्या बरा. दोन-तीन जोमदार फुटवे दोरीवर चढवून बाकीचे काढतात. बुडाजवळची पाने खुडल्याने हवा खेळती राहते आणि केवडा व भुरी हे रोग आटोक्यात राहतात. मावा आणि कोळी या किडींवर मात्र लक्ष ठेवावेच लागते. पहिल्या वर्षी मुळे बसतात, पीक नावापुरते येते. भरघोस उत्पन्नाला तिसरे वर्ष उजाडते.

घरच्या लागवडीत खरी कसोटी तोडणीची. कच्चा शंकू ओलसर व मऊ लागतो. तयार झालेला कागदासारखा कुरकुरतो, दाबून सोडला की पुन्हा फुगतो आणि बोटांना गडद पिवळी भुकटी चिकटते. तोडणी लांबली तर कांदा-लसणासारखा वास येऊ लागतो. ताज्या शंकूत सुमारे 80 टक्के पाणी असते, म्हणून ते जाळीवर पातळ पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. मधली काडी वाकण्याऐवजी कट्कन मोडली की वाळवण झाले. पुढे हवाबंद पिशवीत, फ्रीझरमध्ये.

कडवटपणा ल्युप्युलिनमधल्या अल्फा आम्लांतून येतो. वर्ट, म्हणजे ज्याची आंबवून बिअर होते तो धान्याचा गोड काढा, तासभर उकळताना त्यांचे रूप बदलते व ती त्यात विरघळतात. विकतच्या पाकिटावर त्यांचे प्रमाण छापलेले असते, घरच्या शंकूंचे मात्र प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा कडवटपणासाठी विकतचे हॉप्स वापरून घरचे उकळीच्या अखेरीस किंवा आंबवणीनंतर सुगंधासाठी घालणे शहाणपणाचे. न वाळवता तोडल्या दिवशीच वापरायचे असतील, तर वजनाने चार-पाच पट घ्यावे लागतात.

उरलेला चोथा खताच्या ढिगात चालतो, पण कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत चढते. घरात कुत्रा असेल, तर ढीग झाकलेला हवा.