पीन बसली म्हणजे वीज जुळली असं नव्हे

परदेशातून आणलेला मॉडेल रेल्वेचा कंट्रोलर सॉकेटला जोडण्याआधी उलटा करून तळाची पट्टी वाचा. तिथे ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलं असेल, तर आत स्विच-मोड पॉवर सप्लाय आहे. तो आलेल्या एसीचं आधी डीसी करतो आणि मग हवं ते व्होल्टेज स्वतः घडवतो. भिंतीत १२० व्होल्ट आहेत की २३०, याने त्याला काही फरक पडत नाही. योग्य प्लग लावला की काम झालं.

पट्टीवर नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल तर मात्र थांबा. आत लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असण्याची शक्यता मोठी. तो २३० व्होल्टला जोडला की १६ व्होल्टच्या जागी जवळपास ३१ व्होल्ट बाहेर येतात. रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारा भाग) कॅपॅसिटरवर पडतं ते शिखर व्होल्टेज, म्हणजे याच्या १.४१ पट, सुमारे ४३. तिथला ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर फुगतो किंवा फुटतो. आणि तेवढ्यावर भागत नाही. गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी या हिशेबाने वाढतं. १२० भागिले ६० म्हणजे २. २३० भागिले ५० म्हणजे ४.६. गाभा केव्हाच संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, प्रायमरी (भिंतीकडची) गुंडाळी बेसुमार करंट ओढते आणि काही क्षणांत वार्निश जळल्याचा वास येतो.

स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ११५ व्होल्ट, ५० हर्ट्झ दिले तरी भागाकार २.३ येतो, म्हणजे १५ टक्के जास्त. ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बांधलेला ट्रान्सफॉर्मर यावर गुणगुणतो आणि तासाभरात हात ठेववणार नाही इतका तापतो. १०० व्होल्ट देणारा स्टेपडाऊन मिळाला तर हिशेब बरोबर २ वर येतो. रुळावर १६ ऐवजी १३ च्या आसपास व्होल्ट मिळतील, गाडीचा कमाल वेग थोडा उतरेल, पण ट्रान्सफॉर्मर थंड राहील. आम्ही हाच पर्याय सुचवू. स्टेपडाऊन उपकरणाच्या व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आकड्याच्या दीडपट ते दुप्पट घ्यावा आणि तो आयसोलेशन प्रकारचा, म्हणजे दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, असावा. ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका असतो, पण त्याची सामाईक गुंडाळी तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट पुढे जातात.

प्रवासात वापरायचे हलके ‘१६०० वॅट’ कन्व्हर्टर इथे अजिबात नकोत. त्यांतले बरेचसे हीटर किंवा हेअर ड्रायरसाठी असतात आणि विजेच्या लाटेचा तुकडा छाटून सरासरी कमी करतात. तापणाऱ्या तारेला ते चालतं. ट्रान्सफॉर्मरला आणि इलेक्ट्रॉनिक्सला नाही.

डीसीसी कमांड स्टेशनचा (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला डिजिटल आज्ञा देणारं यंत्र) पॉवर सप्लाय वेगळा, वायरने जोडायचा असेल, तर सगळ्यात उत्तम उपाय साधा आहे: परदेशी सप्लाय बाजूला ठेवा आणि जिथे राहता तिथल्या विजेसाठी प्रमाणित केलेला नवा घ्या. स्टेशनवर छापलेलं व्होल्टेज तेच हवं, एसी की डीसी तेही जुळायला हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. गोल जॅकच्या मधल्या पिनेला प्लस आहे की मायनस, हे चिन्ह पाहून ठरवा. ५.५ मिमी जॅकची मधली पीन २.१ मिमी किंवा २.५ मिमी अशा दोन मापांत येते. चुकीच्या मापाची पीन बसतच नाही किंवा सैल बसते; सैल बसली तर ठिणग्या पडतात आणि स्टेशन मधूनच रीसेट होतं. धातूच्या पेटीचं, तीन पिनांचं उपकरण दोन पिनांच्या अडॅप्टरवर कधीच चालवू नका. अर्थिंग तुटलेलं असताना आतली एखादी तार पेटीला टेकली, तर पेटीच जिवंत होते.

रुळावर पहिलं इंजिन ठेवण्याआधी व्होल्टेज मोजा. डीसीसीचा सिग्नल ५ ते ९ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटांचा असतो आणि साधा मल्टीमीटर एसी रेंजवर तिथे भलताच आकडा दाखवतो. १एन४१४८ जातीचे चार डायोड जोडून ब्रिज करा, त्याच्या आउटपुटवर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा, त्याच्या दोन टोकांमधलं डीसी व्होल्टेज वाचा आणि त्यात डायोडमध्ये पडलेला सुमारे दीड व्होल्ट मिळवा. छोट्या एन मापाच्या गाड्यांना १२ ते १४, त्याहून मोठ्या एचओ मापाला १४ ते १६ व्होल्ट पुरतात. मग रुळाच्या सगळ्यात दूरच्या टोकाला दोन्ही पट्ट्यांवर नाणं आडवं ठेवा. बूस्टरने (रुळांना वीज पुरवणारा भाग) लगेच ट्रिप व्हायला हवं. झाला नाही, तर फीडरच्या, म्हणजे रुळांपर्यंत वीज नेणाऱ्या, तारा बहुधा बारीक आहेत. घसरलेल्या डब्याने शॉर्ट झालं की डिकोडर (इंजिनातलं आज्ञा वाचणारं सर्किट) आणि चाकं वितळू शकतात.

शेवटचा धोका सगळ्यात फसवा आहे, कारण तो बंद उपकरणात लपलेला असतो. जुने ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून काम करतात. दोघांचं एसी आउटपुट एकाच तारेवर जोडलं आणि एकाचा प्लग भिंतीतून काढला, तर चालू असलेल्याचे १६ व्होल्ट दुसऱ्याच्या सेकंडरीत (रुळांकडच्या गुंडाळीत) शिरतात आणि हातातल्या मोकळ्या प्लगच्या पिनांवर जवळपास पूर्ण मेन्स व्होल्टेज उभं राहतं. लहान मुलं खेळत असतील तिथे हे प्राणघातक ठरू शकतं. म्हणून प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा भाग द्या, भागांच्या सीमेवर दोन्ही रूळ कापून इन्सुलेटेड जोड बसवा आणि सांधे बदलणाऱ्या मोटरींच्या परतीच्या ताराही वेगळ्या ठेवा.